स्टार्टरचा हातगुण

माझ्या हातचं लोणचं टिकत नाही, हे आमच्या सासरी लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ठरून गेलं. "हिला हातगुण नाही," म्हणत सासूबाईंनी कैऱ्यांची परात माझ्यासमोरून उचलली आणि मीही ते मुकाट्याने मान्य केलं. वास्तविक मी शाळेत विज्ञान शिकवायचे. बुरशी कशामुळे येते, याचं मुद्देसूद उत्तर मुलांकडून घोटून घ्यायचे आणि घरी येऊन आपल्याला हातगुण नाही म्हणून गप्प बसायचे.

निवृत्त झाल्यावर मी गाडी चालवायला शिकले. हौस म्हणून नाही. शहाडला एकट्या राहणाऱ्या माझ्या ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तिला फिजिओथेरपीसाठी कल्याणला न्यावं लागे. रिक्षात तिचा पाय दुमडायचा नाही. प्रत्येक खड्ड्याला ती माझा दंड आवळायची. "आता तुला मी गाडीतून नेईन," असं मी तिला छातीठोकपणे सांगून टाकलं. तेव्हा माझं लायसन्सही आलेलं नव्हतं.

लायसन्स आलं आणि गाडी रुसली. आम्ही कोपरला राहतो, तिथे इमारतीखाली नवऱ्याची जुनी गाडी उभी असते. मी किल्ली फिरवली की 'टक' असा एकच आवाज, पुढे काही नाही. ताईला परत रिक्षा. संध्याकाळी नवरा घोडबंदर रोडवरच्या ऑफिसातून आला, बॅग खांद्याला तशीच ठेवून खाली गेला, आणि गाडी घर्र करून सुरू.

"सुरू तर होतेय," तो म्हणाला. "तूच काहीतरी चुकीचं करतेस."

असं पुन्हा पुन्हा झालं. कधी माझ्याकडूनही सुरू व्हायची, मग त्या दिवशी पायात कोणती चप्पल होती ते मी आठवत बसायचे. किल्ली हळू फिरवून पाहिली, झटक्याने फिरवून पाहिली. एकदा तर कोणी बघत नाही ना हे पाहून स्टेअरिंगला नमस्कार केला. अंधश्रद्धेवरच्या वक्तृत्व स्पर्धेची परीक्षक म्हणून मला दोनदा नारळ आणि शाल मिळालेली आहे. लोणच्यासारखीच गाडीही आपल्या हाताला लागत नाही, असं माझं मी ठरवून टाकलं.

मग एक दिवस ताई फोनवर म्हणाली, "राहू दे गं. मी जाईन एकटी रिक्षाने." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. फोन ठेवून मी रडले. नवऱ्याला म्हटलं, "अहो, विकून टाका ती गाडी."

"बरं," तो म्हणाला. "तसंही तुला काही ते जमत नाहीये."

हे वाक्य तो बोलला नसता तर गाडी खरंच विकली गेली असती. मला असा काही राग आला की मी फोन घेऊन बसले आणि गाडी सुरू का होत नाही याचे व्हिडिओ पाहू लागले. एकात कोणीतरी स्टार्टर मोटर उघडून दाखवली. चुंबक, तारेची गुंडाळी, तिला वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश. ही तर दहावीची आकृती! वर्षानुवर्षं मी ती फळ्यावर काढली आणि नावं न दिल्याबद्दल पोरांचे गुण कापले. तीच बॉनेटखाली बसून मला टक म्हणत होती आणि मी चपला बदलत होते.

रविवारी मी नवऱ्याला खाली नेलं. "आज किल्ली तुम्ही फिरवा." त्याने फिरवली, गाडी सुरू झाली. त्याने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. "बंद करा. पुन्हा." पुन्हा सुरू. "पुन्हा." आणि मग, टक. नवऱ्याच्या हातून आलेला तो टक ऐकून मला जो आनंद झाला, तो बायकोला शोभणारा नव्हता.

समोरच्या भिंतीवर हेडलाइटचा उजेड जराही मंदावला नव्हता, म्हणजे बॅटरी ठीक होती. टक वाजला, म्हणजे किल्लीचा निरोप मोटरपर्यंत पोचत होता. फिरत नव्हती ती मोटरच. मी बॉनेट उघडलं आणि घरून आणलेलं लाटणं घेऊन आत कोपरापर्यंत हात घातला. "लाटणं?" नवरा ओरडला. "लाकडी आहे, शॉर्ट व्हायला नको. फिरवा किल्ली." मी स्टार्टरच्या अंगावर दोन दणके दिले. घर्र! झिजलेले ब्रश दणक्याने क्षणभर जागेवर येतात, एवढंच.

"तसं माझ्याकडूनही एकदोनदा असं झालं होतं," नवरा हळूच म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तू चालवलीस म्हणून बिघडली."

मी लाटणं लगेच खाली ठेवलं नाही.

मेकॅनिकने आधी बॅटरीची वायर सोडवली, मग दोन बोल्ट काढून स्टार्टर बाहेर ओढला. मी मुद्दाम तो उघडायला लावून ब्रश बघितले. वाटाण्याएवढे उरले होते. नवीन स्टार्टर बसला आणि गाडी सांगितल्यासारखी सुरू होऊ लागली.

पुढच्या खेपेला ताईला मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं. शहाडच्या पुलाच्या चढावर पुढची ट्रॅफिक थांबली, आणि निघताना गाडी गपकन बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले.

"परत बिघडली का गं?" ताईने घाबरून विचारलं.

"नाही ताई, गाडीला काही झालेलं नाही. क्लच मी लवकर सोडला. माझी चूक आहे." हे सांगताना मला लाज वाटायला हवी होती, पण मला हसू आवरेना.

"ओ मावशी, चला ना!" मागचा रिक्षावाला ओरडला. पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली. घाईत मी क्लच पुन्हा लवकर सोडला आणि ती पुन्हा बंद पडली. तीही माझीच चूक होती. तिसऱ्या वेळी आम्ही दोघी पूल चढलो.