स्क्रीन गेली, म्हणे मशीन गेलं

मंगळवारी सकाळी निजामपुऱ्यातल्या आमच्या खोलीत कॉम्प्युटर चालू केला… आणि स्क्रीन काळीच राहिली. आतला पंखा फिरतोय, कीबोर्डचा दिवा लागतोय, चालू झाल्याचा आवाजही आला. फक्त दिसत काही नाही.

आम्ही म्हणजे मी आणि रेहाना. दोघी मिळून डीटीपीचं काम करतो, मराठी मी बघते आणि उर्दू ती. तिच्या घराची पुढची खोली हेच आमचं ऑफिस. रेहानाला एका डोळ्याने अजिबात दिसत नाही, दुसऱ्याने दिसतं, पण अगदी जवळ गेल्यावर.

हा ऑल-इन-वन, म्हणजे स्क्रीनच्या मागेच सगळा कॉम्प्युटर असलेला, आम्ही गेल्या वर्षी घेतला. म्हणजे आम्हाला तो घ्यायला लावला. रेहानाने दुकानात स्पष्ट सांगितलं होतं… मॉनिटर वेगळा हवा, मोठा हवा, आणि हाताने डोळ्यांजवळ ओढता येईल अशा स्टँडवर हवा. दुकानदार ऐकत होता तिचं, पण उत्तरं देत होता मला.

"मॅडम, आजकाल तो डबा कोण घेतं? हा बघा, एकच पीस. वायरींचं जंजाळ नाही, जागा कमी लागते, घरात शोभून दिसतो."

वेगळा सेट मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही, असंही म्हणाला. काम अंगावर आलेलं होतं. घेतला.

तेव्हापासून रेहाना टेबलावर ओणवी होऊन टाइप करायची. तो स्टँड ना वर होत, ना पुढे येत. संध्याकाळी मान धरून बसायची, पण बोलून दाखवायची नाही.

तर मंगळवार. मशीनच्या आत कोन गावाकडच्या एका शाळेचा दहावीचा सराव प्रश्नसंच होता, मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमांचा. शेवटची दुरुस्ती आदल्या दिवशी झाली होती, बुधवारी छापायला द्यायचा होता. मराठीची प्रत माझ्या पेनड्राइव्हवर होती… उर्दूची कुठेच नव्हती. तो भाग रेहानाने स्क्रीनला जवळजवळ नाक लावून पुरा केला होता.

मशीन मांडीवर घेऊन रिक्षाने त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने बटण दाबलं, कान लावला आणि म्हणाला, "स्क्रीन गेली."

"मग स्क्रीन बदला."

"ऑल-इन-वन आहे ना मॅडम. सगळं एकातच असतं. पूर्ण मशीन सर्व्हिस सेंटरला जाईल. डेटाची गॅरंटी नाही."

दुसरा मॉनिटर लावून बघा म्हटलं, तर या मॉडेलला मागे तो जोडायची सोयच नाही. आतली डिस्क काढून द्या म्हटलं, तर उघडलं की वॉरंटी गेली. विकताना 'सगळं एकात' हा गुण होता… आता तोच आमचा दोष असल्यासारखं बोलत होता.

रेहाना शांतपणे म्हणाली, "भाई, मी तेव्हाच वेगळा मॉनिटर मागितला होता."

तो हसला. "भाभी, आपको तो वैसे भी दिखता नहीं. स्क्रीन गई तो आपको क्या फर्क पड़ा?"

काउंटरवरचे दोघं-तिघं हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "काय बोललात ते कळतंय का तुम्हाला?" मी विचारलं. तर म्हणे, मजाक केली. माफी नाही, काही नाही… पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

"चल वैशाली, मशीन घे. घरी जाऊ," रेहाना म्हणाली. रिक्षात मी त्याला शिव्या घालत होते आणि ती मशीन घट्ट धरून बसली होती. मला वाटलं, रडेल आता.

घरी आल्यावर तिने मशीन परत जोडलं. मागच्या कापडाच्या कारखान्यात लूम खडखडत होते, म्हणून इयरफोन लावले, एक तिच्या कानात आणि एक माझ्या. पासवर्ड अंदाजाने टाकला, मग तिने तीन बटणं एकत्र दाबली… आणि कॉम्प्युटर बोलायला लागला. इंग्रजीत, कोरड्या आवाजात, ती ज्या फाइलवर जाईल तिचं नाव सांगत होता.

काळ्या स्क्रीनसमोर बसून, डोळे मिटून, तिने आमचं फोल्डर शोधलं, फाइल उचलली आणि पेनड्राइव्हवर टाकली. मी नुसती ऐकत होते.

"हे कधी शिकलीस?"

"डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या डोळ्याचाही भरवसा नाही. तेव्हापासून. दुपारी तू जेवायला गेलीस की थोडं थोडं."

तिने मला यातलं काही सांगितलं नव्हतं. इयरफोन काढून मी तिचा हात धरला.

छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडून पाहिली. एक ओळ इकडची तिकडे झाली नव्हती. प्रश्नसंच बुधवारी छापायला गेला.

ऑल-इन-वन सर्व्हिस सेंटरला गेलाय, अजून आलेला नाही. आम्ही कल्याणला जाऊन सीपीयू वेगळा आणि मॉनिटर वेगळा घेतला, भिंतीच्या स्टँडवर, पुढे ओढता येणारा. दुकानात मी तोंड उघडलं नाही. बोलली रेहाना, आणि तिथल्या बाईंनी तिला खुर्चीत बसवून, मॉनिटर तिच्या नजरेला येईल तसा लावून दाखवला. एवढं सोपं होतं ते…

ज्यांना शोभेचा हवा त्यांनी ऑल-इन-वन खुशाल घ्यावा. पण त्यावर बसणार कोण, हे आधी विचारा. आणि दुकानदार त्या माणसाला सोडून तुमच्याशीच बोलत असेल तर सरळ बाहेर या.

हल्ली दुपारी रेहाना मॉनिटर बंद करते आणि मला नुसतं ऐकून काम करायला शिकवते. मी सारखी चुकते, ती पुन्हा पहिल्यापासून सांगते. त्या दुकानदारावरचा माझा राग गेलेला नाही… पण तिच्या शेजारी बसायला मिळतं, हे माझं नशीब.