जड पाण्यातली अंडी

“मासे आपलीच अंडी खातात. हे कसं थांबवायचं, तेवढं सांगा,” सुमतीबाई म्हणाल्या.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या एका औषधाच्या कारखान्यात मी पाण्याचा केमिस्ट होतो. बॉयलरला जाणारं पाणी तपासायचं, हे माझं काम. सुमतीबाई आमचे चीफ केमिस्ट कर्णिकसाहेब यांच्या पत्नी. “तू पाण्यातला माणूस, जरा बघून ये,” म्हणून साहेबांनीच मला दुपारी बंगल्यावर धाडलं होतं.

काचेच्या टाकीत बोटाएवढे दोन मासे होते. पिवळट अंग, निळे ठिपके, डोळ्यावरून काळी पट्टी. दक्षिण अमेरिकेतल्या ओढ्यांतली ही जात, सिक्लिड म्हणतात. बाईंच्या भावाने जहाजावरून सांभाळत आणलेली जोडी.

“दिवसभर दोघं अंड्यांना पंखांनी वारा घालतात. दुसऱ्या दिवशी खाऊन टाकतात. हे तिसऱ्यांदा झालं. आई म्हणायचं का हिला?”

आदल्या वर्षी बाईंचं मूल जन्मतःच गेलं होतं. कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं.

बंगल्यावर कामाला असलेल्या तानूबाई धुणं घेऊन जाता जाता थांबल्या. “ह्या हिरीच्या पाण्यात डाळ शिजत न्हाई, सायेब. मासं कुठलं वाढत्यात?”

डाळ शिजत नाही म्हणजे पाणी जड. त्यात कॅल्शियमचे क्षार जास्त. मी बाटली भरून लॅबमध्ये आणली आणि साबणाचं द्रावण घालून हलवली. फेस येईना. ओढ्याच्या हलक्या पाण्यातल्या माशाची अंडी यात कशी जगणार?

उपाय मला सोपा वाटला. बॉयलरसाठी आमच्याकडे सॉफ्टनर होता, पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र. त्याचं पाणी दोन कॅन भरून नेलं आणि टाकीतलं निम्मं पाणी बदललं. साबणाचा फेस छान येत होता. मी खूश.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मासे तळाशी होते. पंख मिटलेले. मादी धापा टाकत होती.

“पाणी तपासलं होतं ना तुम्ही?” बाईंनी शांतपणे विचारलं.

“हो. फक्त साबणाने.”

विहिरीचं पाणी पुन्हा थोडं थोडं घालून मी साहेबांकडे गेलो.

“सॉफ्टनर काय करतो?” त्यांनी विचारलं.

“कॅल्शियम काढतो.”

“आणि बदल्यात?”

“सोडियम देतो, साहेब.”

“म्हणजे क्षार तेवढेच राहिले. बॉयलरला चालतं. मासा बॉयलर आहे का?”

मग साहेबांनीच उपाय सांगितला.

“सकाळी डिस्टिल्ड वॉटरचा स्टिल चालू झाला की पहिलं पाणी आपण ओतून देतो. ते ने. रजिस्टरमध्ये माझ्या नावावर लिही. आणि घाई करू नकोस.”

डिस्टिल्ड म्हणजे स्टिल या भांड्यात वाफ करून थंड केलेलं पाणी. त्यात क्षार जवळजवळ नसतातच. रोज टाकीतलं दोन तांबे पाणी काढायचं, हे दोन तांबे घालायचं. मासे पहिल्या आठवड्यात सावरले. महिन्याभराने मादीने सपाट दगडावर अंडी घातली.

दुसऱ्या दिवशी बाईंचा निरोप आला. मी पोचलो तेव्हा मादी दगडावरून एकेक पांढरं अंडं उचलून खात होती. बाईंनी तोंड फिरवलं होतं.

मी खिशातलं भिंग काढलं. “बाई, एकदा बघा. ती फक्त पांढरीच उचलते आहे. ती मेलेली आहेत. तशीच राहिली तर बुरशी बाकीच्यांना लागेल. काचेसारखी आहेत त्यांना तिने तोंडही लावलेलं नाही.”

बाईंनी भिंग घेतलं आणि टाकीच्या काचेजवळ वाकून बघितलं.

“म्हणजे आधीच्या तीन वेळा...”

“सगळीच मेलेली असणार. पाण्यामुळे. तिने काही केलं नव्हतं.”

त्या खुर्चीवर बसल्या. “मी तिला काय काय बोलले,” म्हणाल्या. डोळे भरले होते, पण पुसले नाहीत. तानूबाईंनी न विचारताच चहा ठेवला.

तिसऱ्या दिवशी दगडावर शेपट्या वळवळायला लागल्या. पिल्लं मोजता येत नव्हती. त्यातली शेवटी आठ मोठी झाली. आठ पुष्कळ, असं बाई म्हणाल्या.

साबणाला फेस आला की पाणी चांगलं, असं मी त्यानंतर कधी लिहिलं नाही. पाण्यातून काय गेलं याच्या शेजारी त्यात काय आलं, हेही लिहायची सवय लागली. रिपोर्ट एका ओळीने लांबतो, एवढंच.