आबांचा टीव्ही उठेपर्यंत

ही गोष्ट मी चार वर्षं टाळली. कोणी आबांचा विषय काढला की मी पाणी प्यायला उठायचो. आता लिहितो. वाट पाहण्यात आबांचा हात धरणारा माणूस अख्ख्या वडुजात नव्हता, आणि त्यांची एकच वाट वाया गेली ती माझ्यामुळे.

आबा माझे शेजारी. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेल्या घरातले, पुढे शेतीत रमलेले. सांगलीतल्या मुलानं आपला जुना स्मार्ट टीव्ही त्यांना आणून दिला. तो सुरू व्हायला सात-आठ मिनिटं घेई आणि बटण दाबल्यावरही विचार करून मगच हले. आम्ही वैतागायचो, आबांना मात्र त्याचा स्वभाव पटला होता. थंडीत ते त्याच्यावर घोंगडी पांघरत. म्हणत, "गारठ्यात कुणाला लगीच उठवतंय?" सातच्या बातम्यांसाठी पावणेसातला बटण दाबून गोठ्यात जात; शेण काढून, हातपाय धुऊन येईपर्यंत टीव्ही जागा झालेला असे. रिमोटचं बटण एकदाच दाबायचं, हा घरचा कायदा. जावयानं लागोपाठ दोनदा दाबलं, तर त्यालाही ऐकवलं, "पावनं, ऐकलंय त्येनं. बहिरा न्हाई त्यो."

त्यांची नात आठशे मीटर पळायची. राज्य स्पर्धेतली तिची अंतिम शर्यत इंटरनेटवर थेट दिसणार होती. शर्यत चार वाजता, तीही सव्वादोन मिनिटांची, पण आबांनी टीव्ही तासभर आधी उठवला, चॅनेल लावलं आणि शर्यत जवळ आल्यावर धुतलेलं धोतर नेसायला आत गेले. रिमोट माझ्या हातात दिला. "गुरुजी, नुसता धरा. दाबू नका."

ते आत गेले आणि पडद्यावर गोल चक्र फिरू लागलं. चार वाजायला दोन मिनिटं. मी ओके दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. मग मागं जायचं बटण, परत ओके, आणि शेवटी, कशाला कोण जाणे, लाल बटण. टीव्हीनं सगळं निमूट ऐकून घेतलं, एकेक हुकूम सावकाश पाळला आणि विझला.

आबा बाहेर आले. "आवं गुरुजी, झोपला व्हय ह्यो?"

"आपोआप बंद पडला," मी म्हणालो.

तो पुन्हा उठला तेव्हा शर्यत संपली होती. थोड्या वेळानं नातीचा फोन आला. "आबा, दुसरी आले! बगितलं का?" कधी खोटं न बोलणारे आबा म्हणाले, "बगितलं की! लय पळालीस गं बाई." फोन ठेवून माझ्याकडे वळले. "माझंच चुकलं गुरुजी. आजून लवकर उठवाय पायजे हुता. तुमाला बी उगं ताटकळत ठिवलं."

पुढे नातीनं मोबाईलवर शर्यत दाखवली, तेव्हा आपण ती पहिल्यांदाच पाहतोय हे आबांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. मी समोरच बसलो होतो.

नंतर ते मुलाकडे सांगलीला गेले. कबुली द्यायची म्हणून मी एकदा तिथं गेलो. तिथला नवा टीव्ही चुटकीसरशी लागायचा. "बगायच्या आधी मन तयार नको व्हय?" आबा कुरकुरले. मग कौतुकानं सुनेला सांगू लागले, "हे आमचं गुरुजी. पोरीच्या शर्यतीला माझ्यासंगं बसलं हुतं." मी चहा प्यायलो आणि परतीची एसटी धरली.

या उन्हाळ्यात आबा गेले. तेव्हा सांगलीला जाताना एसटीत जे पाठ केलं होतं, ते एवढंच: आबा, चूक टीव्हीची नव्हती, तुमचीही नव्हती. मी घाबरलो, बटणं दाबली आणि तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा.