उडीतली माया

सासूनं सुनेच्या कामात खोट काढायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा, अशी नोकरी जगात असते असं कुणी सांगितलं असतं, तर सासूबाईंनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण गेली दोन वर्षं त्या रोज सकाळी डबा घेऊन त्याच नोकरीला जात होत्या. दुसऱ्या मजल्यावर सात टेबलांचं ऑफिस, खाली चष्म्याचं दुकान, जिन्यात कायम कुणाची तरी सायकल आडवी. तिथे व्हिडिओ गेम बनायचे. सून प्रोग्राम लिहायची आणि ह्या ते खेळून कुठे काय मोडतंय ते सांगायच्या. ऑफिसात सगळे, अगदी मालकसुद्धा, त्यांना सासूबाई म्हणायचे. आधी थट्टेनं म्हणायचे, मग तेच नाव पडलं.

त्याआधी सव्वीस वर्षं त्यांनी शिलाई केली. दोन मशीनचं भाड्याचं दुकान, शर्ट, पॅन्ट, शाळेचे गणवेश. गेमची गोडी लागली ती त्याच काळात. मुलगा लहान असताना कुणाच्या तरी अडगळीतला, टीव्हीला जोडायचा जुना गेम घरी आला. मुलगा शाळेत गेला की दुपारी इस्त्री तापेपर्यंत एक डाव खेळायचा, असा त्यांचा नेम. इस्त्री तापायची, बंद व्हायची, गारसुद्धा व्हायची. एक एवढासा माणूस डावीकडून उजवीकडे पळतोय, खड्डे ओलांडतोय, फळीवरून फळीवर उड्या मारतोय, बस. त्यात एवढं काय आहे, असं नवरा विचारायचा. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, की ह्यात मास्तर आहे पण त्याला तोंड नाही. पहिला खड्डा हातभर, पडलं तरी काही जात नाही. दुसरा जरा रुंद. तिसऱ्याच्या पलीकडे काटे. तोवर उडी कधी मारायची ते बोटांना आपोआप कळलेलं असतं आणि शिकवलं कुणी ते आठवतही नाही. शिवाय एखादी भिंत नुसती दिसायला भिंत असते, आत घुसलं की अख्खी खोली सापडते! अशी खोली सापडली त्या दिवशी दोन गणवेशांच्या बाह्या उलट्या लागल्या होत्या. मुलाच्या आधी त्यांनी गेम पुरा केला, आणि लेकाचा हिरमोड नको म्हणून चार महिने ते कुणाला सांगितलं नाही.

मुलगा पुढे दातांचा डॉक्टर झाला आणि त्याला गेमचं काडीचं वेड उरलं नाही. पण त्यानं सून आणली ती मात्र ह्याच धंद्यातली. दोघींचं सूत जुळलं ते एका कंट्रोलरवर. पुढे गुडघ्यांनी मशीनवर बसायला नकार दिला आणि दुकान बंद झालं, तेव्हा सूनच म्हणाली, "आई, घरी बसून मला बोलण्यापेक्षा ऑफिसात येऊन बोला. तिथे त्याचे पैसे मिळतात."

ऑफिसात सध्या सुनेच्या स्वतःच्या गेमचं काम चाललं होतं. छपरांवरून उड्या मारत पत्रं पोचवणारी एक टपालवाली. तीन वर्षं सून त्यात बुडालेली होती. छपरं सुरेख, संगीत सुरेख, टपालवालीच्या पायांचा कौलांवरचा आवाज तर इतका खरा की ऐकतच राहावं. पण तिसऱ्या लेव्हलला घोडं अडलं. बाहेरच्या बारा जणांना खेळायला बसवलं, त्यातल्या नऊ जणांनी तिथे कंट्रोलर खाली ठेवला. सगळ्यांचं एकच रडगाणं, मी बटण दाबलं होतं, तिनं उडीच मारली नाही.

सुनेनं प्रोग्राम दहादा तपासला. चूक नव्हती. टपालवालीचा पाय छपराच्या कडेवर असेपर्यंत उडी मिळत होती, पाय सुटला की नाही. माणसंच पापणी लवेल एवढ्या उशिरानं दाबत होती. मालक तिशीचा, केसांचा बुचडा बांधणारा, आणि 'अचूक' हा त्याचा लाडका शब्द. खेळणाऱ्यानं अचूक व्हावं, असं त्याचं म्हणणं. तरी त्यालाही घोर होताच. शुक्रवारी गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीचे पाहुणे यायचे होते. त्यांनीही तिसऱ्या लेव्हलला हात टेकले तर हे काम इथेच थांबवायचं, हे त्यानं स्पष्ट सांगून टाकलं होतं. सून जेवणाचा डबा न उघडताच घरी परत नेऊ लागली.

सासूबाई मंगळवारी दिवसभर तीच लेव्हल खेळल्या. बुधवारी सकाळी सगळे टेबलाभोवती बसले तेव्हा त्यांनी आपला निकाल दिला.

"ह्यात मायाच नाही."

सुनेचा चेहरा पडला. तिनं हळूच खुर्ची मागे सारली आणि ती बाहेर निघून गेली. सासूबाई बघतच राहिल्या. आपण असं काय वाकडं बोललो? मग एकदम डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. तीन वर्षं जिनं जीव लावला, तिला चारचौघांत सासूनं सांगितलं होतं की तुझ्या कामात माया नाही!

गुडघे धरत त्या जिन्यात आल्या. सून सायकलच्या सीटवर हात ठेवून उभी होती, डोळे लाल. त्यांनी समजावण्यात वेळ घालवला नाही. स्वतःची बाही उलटी केली आणि आतली शिवण तिच्यासमोर धरली.

"अगं वेडे, ही माया. शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. माणूस हात वर करतो, जेवून उठतो, वाकतो. अंगाबरोबर बेतलं की पहिल्याच दिवशी काखेत उसवतं. तुझी कडा अंगाबरोबर बेतलेली आहे."

सून आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करू लागली. पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मिळू द्यायची, ही युक्ती धंद्यात जुनी होती आणि तिला ठाऊकही होती. पण मालकाच्या अचूकपणापुढे तिनं ती काढूनच टाकली होती. आता ती मुकाट्यानं ऐकणार नव्हती. दोघी आत गेल्या.

मालकानं अपेक्षेप्रमाणे नन्नाचा पाढा लावला. पाय हवेत असताना उडी म्हणजे शुद्ध खोटेपणा, कसबी खेळाडू काय म्हणतील, वगैरे. सासूबाईंनी त्याला पुरतं बोलू दिलं.

"तुमच्या शर्टाच्या आत बोटभर कापड जास्त आहे," त्या म्हणाल्या. "ते खोटं आहे का? उलटून बघेपर्यंत कुणाला दिसत नाही. पण शर्ट टिकलाय तो त्याच्यावरच."

मालकानं नकळत आपली बाही चाचपली. मग गुरुवारचा दिवस तुमचा, एवढंच म्हणाला.

तो दिवस फिटिंगचा झाला. सून आकडा बदलायची, सासूबाई खेळून बघायच्या. पहिल्या खेपेला माया इतकी सुटली की टपालवाली छप्पर संपल्यावरही हवेत निवांत चालत गेली. सगळं ऑफिस हसलं. हा तर पायजमा झाला, म्हणून सासूबाईंनी तो परत पाठवला. पुढचं फार तंग आलं. दर सेकंदाला पडद्यावर साठ चित्रं उमटतात, त्यातली किती सोडायची, एवढाच प्रश्न होता, पण त्यावर दुपार गेली. चार वेळा तर सुनेनं आकडा न बदलताच 'बदलला' म्हणून सांगितलं आणि चारही वेळा सासूबाईंनी लबाडी पकडली. शेवटी सहावर दोघींचं एकमत झालं. शिवणीला दोन बाजू असतात म्हणून पाय टेकायच्या किंचित आधी दाबलेलं बटणही धरायचं ठरलं. संध्याकाळी सासूबाईंची बोटं वळत नव्हती, आणि अशा समाधानानं त्या कित्येक वर्षांत दमल्या नव्हत्या.

शुक्रवारी पाहुणे आले. पन्नाशीचे गृहस्थ, काळा कोट, चेहऱ्यावरची सुरकुती हलेल तर शपथ. पहिल्या दोन लेव्हल त्यांनी एक शब्द न बोलता पार केल्या. तिसरी आली. पडले. पुन्हा पडले. सुनेनं टेबलाखाली सासूबाईंचा हात घट्ट धरला. पाचव्यांदा टपालवाली गल्लीत कोसळली तेव्हा पाहुण्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला. मालकानं काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं.

पाहुण्यांनी घामेजलेले तळवे कोटाला पुसले आणि कंट्रोलर परत उचलला.

"नाही, नाही, चूक माझीच," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "मी घाई केली. परत बघू."

सासूबाईंचा ऊर भरून आला. सव्वीस वर्षं त्या गिऱ्हाइकांसमोर उभ्या राहिल्या होत्या. लोक जाड व्हायचे आणि टेप खोटी ठरायची, पोरं उंच व्हायची आणि बाह्या ह्यांनी चोरलेल्या असायच्या. चूक माझी, असं त्यांना एकही गिऱ्हाईक कधी म्हणालं नव्हतं. आणि आज सुनेच्या हातच्या कामापुढे बसून हा करडा माणूस ते आपण होऊन म्हणत होता, आणि वर आणखी एक डाव मागत होता.

त्या सुनेच्या कानाशी वाकल्या.

"झालं तुझं काम," त्या म्हणाल्या.

पाहुणे तेव्हा सहाव्यांदा गल्लीत पडत होते.