बोटभर हलणारा दांडा

वाऱ्याने पंखांच्या झडपा आपटू नयेत म्हणून उभ्या विमानाचा, पायलटच्या हातातला दांडा सीटबेल्टने बांधून ठेवतात. आज सकाळी आमच्या जुन्या शिकाऊ विमानात तो बांधलेला दांडासुद्धा बोटभर हलत होता.

मी शिकत असताना याच विमानाची तक्रार केली, तेव्हा मला शिकवणारे सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "दांडा नाही, तुझा हात सैल आहे."

सैल दांडा बोल्ट आवळला की घट्ट होतो. असलं वाक्य मात्र वर्षानुवर्षं आत खडखडत राहतं.

आता इथली मुख्य प्रशिक्षक मी आहे; सर माझ्या हाताखाली शिकवतात. सरांना बोलावून दांडा हलवायला लावला.

"सैल आहे," ते पुटपुटले.

दुरुस्तीची वही पुढे केली. ते लिहू लागले.

"अक्षर नीट काढा, सर. हात सैल पडतोय तुमचा."