पाहुण्याचे तीन चमचे

छप्पन्नाव्या वर्षी मालिनीताईंच्या गळ्यात ओळखपत्र आलं, आणि त्या दिवशी त्यांनी ते स्वयंपाक करतानाही काढलं नाही. फोटोवर फोडणीचे दोन थेंब उडाले, तरी नाही. तीस वर्षं त्यांची ओळख 'गुरुजींच्या घरातल्या' एवढीच होती. नवरा शामसुंदर रामकुंडावर यजमानांची पूजा सांगणार, आणि यजमान घरी आले की चहा करायचा तो ताईंनी. किती पातेली उकळली असतील, देव जाणे! आता मात्र कार्डावर त्यांचं स्वतःचं नाव होतं, खाली 'सर्वेक्षक' असं छापलेलं. आणि काम कोणतं, तर लोक दिवसभरात काय काय पितात ते लिहून आणायचं.

"इतकी वर्षं पाजलंस, आता मोज," शामसुंदर म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

काम एका कॉलेजच्या आहारशास्त्र विभागाचं होतं. ते बघणारी सायली अठ्ठावीस वर्षांची, मोठी चुणचुणीत पोरगी. माणसाचं वय, कामधंदा, राहणी बदलली की त्याच्या पिण्यातून पोटात जाणारी साखर आणि कॅलरी किती बदलते, हे तिला शोधायचं होतं. घरं ऐंशी. पहिली फेरी नीट पार पडली तर दुसऱ्या फेरीलाही मालिनीताईंनाच ठेवायचं, असं तिनं कबूल केलं होतं. ताईंचा सगळा जीव त्या दुसऱ्या फेरीत अडकला होता. एकदा गळ्यात आलेलं नाव परत द्यायचं म्हणजे काय, गंमत आहे का?

पहिल्याच दिवशी माशी शिंकली. फॉर्मवरचा पहिला प्रश्न होता, 'आपण दिवसभरात काय काय पिता?' सिन्नरला कारखान्यात काम करणाऱ्या दत्तूला ताईंनी तो वाचून दाखवला. दत्तूनं आधी बायकोकडे बघितलं, मग दोन्ही कान धरले. "आईशप्पत ताई, दिवाळीपासून शिवली पण नाय!"

"लिहू नका हो ताई, खोटं हाय ते!" बायको आतून ओरडली.

आता बोला! आपल्याकडे 'पिता का' म्हटलं की अर्थ एकच. बरं, त्याऐवजी 'काय घेता' विचारावं, तर ते त्याहून वाईट. ताईंनी मग स्वतःची पद्धत काढली. विचारायचंच नाही. नाशकात कुणाच्याही दारात गेलं की पाच मिनिटांत आधण चढतंच. आपण गप स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायचं, पातेल्यात किती चमचे साखर पडते ते मोजायचं, आणि दिवसातून किती वेळा चहा होतो तेवढं शेवटी विचारायचं. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं असेल? फॉर्म भराभर भरत गेले. चौसष्ट झाले, आणि ताईंचं वजनही दोन किलोनं वाढलं.

चौसष्टावं घर फुलाबाईचं. ती पेठकडची, कुटुंबासह मखमलाबादला द्राक्षबागेच्या कामाला आलेली. बागेच्या कडेला पत्र्याची खोली, बाहेर तीन दगडांची चूल. तिनं मळेवाल्याच्या घरून पेलाभर दूध आणलं, तीन चमचे साखर घातली, आणि कान असलेल्या एकुलत्या एक कपातून ताईंना चहा दिला. ताईंनी लिहून घेतलं. "दिवसातून किती वेळा होतो?"

"दोन येळा."

झालं! ताई निघाल्या. रस्त्यापर्यंत आल्या आणि लक्षात आलं, चष्मा राहिला. परत गेल्या तर चुलीवर तेच पातेलं होतं. त्याच चहापत्तीवर फुलाबाईनं पाणी ओतून पुन्हा उकळी आणली होती, आणि काळाभोर चहा पोचे पडलेल्या स्टीलच्या पेल्यात घेऊन, दाताखाली गुळाचा खडा धरून ती पीत बसली होती.

"हे काय?" ताईंनी विचारलं.

"आमचा चहा."

"आणि मघाचा?"

"तो पाव्हन्याचा."

"अहो, मी विचारलं होतं ना तुम्हाला!"

"तुमी ईचारलं किती येळा," फुलाबाई शांतपणे म्हणाली. "कोनचा, ते कुठं ईचारलं?"

ताईंनी चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! जिनं तीस वर्षं यजमानांच्या कपात एक चमचा जास्त घातला आणि स्वतः मागाहून चोथ्याचा उरलेला घोट घेतला, तिलाच हे कळू नये?

बसमध्ये त्यांनी फाइल उघडली. देवळाली कॅम्पात सुभेदारांच्या घरी तीन चमचे. सिन्नरला तीन. कॉलेज रोडला सातव्या मजल्यावर तीन, आणि फुलाबाईच्या चुलीवरही तीनच. माणसं इतकी वेगळी आणि चहा सगळ्यांचा एक! चौसष्ट फॉर्म, आणि चौसष्ट ठिकाणी ताईंनी मोजला होता तो स्वतःचाच चहा. गप्प बसलं असतं तर कुणाला कळणार होतं? फॉर्म स्वच्छ होते, अक्षर मोत्यासारखं होतं. सांगितलं तर दुसरी फेरी गेली, कार्ड गेलं, पुन्हा आपण गुरुजींच्या घरातल्या. पंचवटी येईपर्यंत त्यांनी गप्प बसायचं पक्कं केलं होतं. आणि त्याच रात्री जेवायला बसण्याआधी सायलीला फोन करून उद्याची वेळही मागितली. खोट्या फॉर्मवर आपलं नाव, हे त्यांना गिळवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं, कार्ड गळ्यातून काढलं आणि सायलीच्या टेबलावर ठेवलं.

सायलीनं फाइल चाळली. "तरीच! मी म्हणतेय, मखमलाबादपासून कॅम्पपर्यंत सगळे सारखेच कसे पितात? मला वाटलं, माझंच गणित चुकतंय." मग ती हसायला लागली. "काकू, आठ दिवस देते. सगळी घरं पुन्हा करा. आणि हे घाला आधी गळ्यात, दारावरचा वॉचमन आत सोडणार नाही उद्यापासून."

ताईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्या पोरीचा गालगुच्चाच घेतला. ऑफिसात, सगळ्यांसमोर!

आठ दिवस त्या भिंगरीसारख्या फिरल्या. दारात पाऊल टाकतानाच सांगायच्या, "मी पाहुणी नाही. तुमचा रोजचा करा, आणि मला देऊ नका." आता कुठं खरं बाहेर यायला लागलं. दत्तू कारखान्याच्या गेटवर दिवसाला सात कटिंग मारत होता आणि रात्रपाळीला वर कोल्ड्रिंकची थंडगार बाटली. त्याची बायको सकाळचा एक कप, बस. कॅम्पातले सुभेदार रिटायर होऊन चार वर्षं झाली, परेड सुटली, पण रात्रीचा मलईदार दुधाचा लोटा काही सुटला नव्हता. कॉलेज रोडचा धवल म्हणाला, "आंटी, मी चहा घेतच नाही," आणि समोर हाताएवढ्या ग्लासात कोल्ड कॉफी, वर आइस्क्रीमचा गोळा. ते पिणं होतं की जेवण, ते सायलीनंच ठरवावं.

खुद्द घरातही दिवा लागला. शामसुंदरना साखरेचा आजार. घरी दोन कप, बिनसाखरेचे, तेही तोंड वाकडं करून. ताई फाइल घेऊन रामकुंडावर गेल्या. दुपारपर्यंत यजमानांबरोबर पाच गोड चहा झाले होते.

"अगं, तो माझा नव्हे, यजमानांचा," गुरुजी म्हणाले. "त्यांचं मन कसं मोडायचं?"

ताईंनी लिहिलं: पुरुष, एकसष्ट, बैठं काम, पाच कप गोड, मन मोडवत नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून टपरीवाल्याला दम भरला तो वेगळाच.

शेवटी घर उरलं फुलाबाईचं. "तुमचा रोजचा करून दाखवा" म्हटल्याबरोबर तिनं पातेलं पालथं घातलं. "पाव्हन्यासमोर तसला चहा? लाज काढता का बाई माझी?" काही केल्या ऐकेना. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, असं आता ताईंनीही ठरवलेलं. ऐंशीतला हा एक फॉर्म कोरा राहणार, असं दिसायला लागलं.

ताईंनी फाइल मिटली, पदर खोचला आणि चुलीपुढं बसकण मारली. "मग आज पाहुण्या तुम्ही. बसा तिकडं!"

पिशवीत घरी न्यायला घेतलेलं दूध होतं, साखर होती. ताईंनी यजमानांना करतात तसा चहा केला. तीन चमचे. कानाच्या कपातून फुलाबाईच्या हातात दिला. ती अवघडून बसली, इकडंतिकडं बघितलं, एक घोट घेतला, आणि डोळे हे एवढे झाले.

"अगं माय! काय गोड हाय हे! असला पाजते व्हय मी लोकास्नी?"

आजवर शेकड्यांनी पाहुण्यांना दिला असेल, स्वतः कधी चाखलाच नव्हता. ती खो खो हसत सुटली. ताई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

हसू ओसरल्यावर फुलाबाई उठली. उरलेल्या चहापत्तीवर पाणी ओतलं, उकळी आणली, आपल्या पोचे पडलेल्या पेल्यात तो काळाभोर चहा ओतला आणि ताईंच्या हातात दिला. तळहातावर गुळाचा खडा ठेवला. "घे."

ताईंनी गूळ दाताखाली धरला, घोट घेतला. कडू, धुरकट, कढत. त्यांनी पेला खाली ठेवून फॉर्म भरला: कोरा, गुळाचा एक खडा, दूध नाही. मग सवयीनं विचारलंच, "आणि साखर, फुलाबाई? अजिबात नाही?"

"आता कशाला?" फुलाबाई म्हणाली. "घरच्याला कुनी साखर घालतं व्हय?"