उरलेल्या पत्रिकांची टोपली

भिजलेल्या मेथीचा वास आला की कोरेगावच्या घरातली ती टोपली आठवते. नवरा फौजेत होता; लग्नाला वर्ष व्हायच्या आतच तो तिकडेच वारला. पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंनी कागदाच्या लगद्याची टोपली करायला घेतली आणि आमच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. “ह्या भिजवू का गं?” “भिजवा,” मी म्हणाले. मला काहीच वाटलं नाही. मेथी घालून आम्ही लगदा कुटला, पालथ्या घागरीवर थापला, उन्हात वाळवला. वरून चिकटवायला त्यांनी थोड्या पत्रिकांवरचे मोर आणि कलश आधीच कापून ठेवले होते. ते लावता लावता त्यांनी सोनेरी अक्षरांची एक पट्टी उचलली. त्यांना वाचता येत नव्हतं. “ही लय झ्याक दिसंल. काय लिवलंय?” मी त्याचं आणि माझं नाव वाचून दाखवलं. त्यांनी पट्टी जरा वेळ तशीच धरली, मग टोपलीच्या मधोमध ठेवून अंगठ्यानं कडा दाबल्या. “सुरकुती पडली न्हाई न्हवं?” “न्हाई, आत्या,” म्हणून मी पुढचा मोर उचलला. त्या घडीला काय वाटलं, असं आज स्वतःला विचारलं तर बोटांवर वाळून ताणलेली मैद्याची खळ तेवढी आठवते.